नाकं लाल होईपर्यंत

महाराणीचे पर कुरतडलेले दिसले, तेव्हा प्लंबरच्या तोंडचं पाणी पळालं.

महाराणी म्हणजे वहिनीची एंजल फिश. चपटी, रुपेरी, वरखाली लांब पर, आणि चाल अशी की सगळी टाकी तिला माहेराहून आंदण मिळालीय. तिच्याबरोबरचे जुने मासे वय होऊन एकेक करत गेले होते. पोटाच्या ऑपरेशनला निघताना वहिनी दिराला बजावून गेली होती, "भावजी, एकटी पडलीय बिचारी. मी आले की तिच्या सोबतीला घोळक्यानं फिरणारे मासे आणू. तोवर दाणे तेवढे घाला. दुसरं काही करू नका."

शेवटचं वाक्य प्लंबरनं या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. तो नऊ वर्षांचा असताना ही वहिनी घरात आली. तिनंच त्याला पाढे शिकवले, गोवर आला तेव्हा उशाशी बसली. तिला घरी आल्या आल्या खूश करायचं, म्हणून त्यानं परस्पर तीन मासे आणले. वाघासारखे पट्टे, चपळ, बघत राहावं असे. चार दिवसांत त्यांनी महाराणीच्या परांच्या पार चिंध्या केल्या. आणि वहिनी उद्या सकाळी दहाला घरी येणार होती.

त्या तिघांना जाळीत धरता धरता प्लंबर कोपरापर्यंत भिजला. त्यांना पिशवीत घालून दुकानात गेला, महाराणीची हकीकत सांगितली, तर दुकानवाल्या बाईंनी कपाळालाच हात लावला.

"घरात आधी कोण आहे, ते सांगायचं नाही होय?"

"मासे तर मागितले. त्यात घर कुठून आलं?"

"अहो, लांब परांची बाई घरात, आणि तुम्ही तिच्याकडे हे टगे राहायला पाठवलेत. तेही तिघंच! दहा-बारा असते तर आपसात तरी भांडत बसले असते."

"मग ते निळे चमकणारे द्या. गरीब दिसतात."

"गरीब आहेत, पण इवलेसे आहेत. तुमची महाराणी एका घासात गिळेल." बाई त्याला कोपऱ्यातल्या टाकीपाशी घेऊन गेल्या. तिथं बोटाएवढे सडपातळ मासे एका दमात इकडून तिकडे वळत होते. नाकं अशी लाल, की सगळ्यांना एकदम सर्दी झाली असावी. "हे न्या. पूर्ण वाढलेले आहेत, तिच्या तोंडात मावायचे नाहीत. कुणाच्या वाटेला जात नाहीत. पण दहा तरी हवेत, कमी असले की बावरतात. टाकी जुनी आहे ना? नव्या टाकीत हे टिकत नाहीत."

"सहा वर्षं झाली."

"मग ठीक. नेताना नाकं फिकी पडतील, घाबरू नका. उद्यापर्यंत लाल झाली तर समजा रमले. नाही झाली तर पाण्यात खोट आहे, लगेच परत आणा. आणि एक सांगते, पाणी सगळं बदलून बसू नका. तुम्ही काय काम करता?"

"प्लंबर आहे."

"अरे देवा," बाई म्हणाल्या.

घरी येऊन त्यानं पिशवी टाकीत तरंगत ठेवली. घड्याळ लावून दर पाच मिनिटांनी टाकीतलं एकेक वाटी पाणी पिशवीत घातलं. मग जाळीनं दहाही मासे अलगद टाकीत सोडले. दहाही जण कोपऱ्यातल्या झाडामागं दाटीवाटीनं जाऊन बसले. नाकं पांढरीफटक. महाराणी एक चक्कर मारून आली, एकेकाकडे पाहून गेली, आणि फाटके पर सांभाळत आपल्या जागी परतली.

संध्याकाळपर्यंत नाकं तशीच. आता मात्र प्लंबरचे हात शिवशिवायला लागले. आयुष्यभर पाण्यात काही बिघडलं की त्यानं पाना उचलला होता. इथं नुसतं बघत बसायचं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. दोनदा तो बादली घेऊन आला आणि दोनदा परत ठेवून आला. तिसऱ्यांदा बादली स्वतःच गच्चीवर नेऊन ठेवली, म्हणजे हाताशी नको.

दवाखान्यातून भावाचा फोन आला. "सगळं ठीक आहे ना रे? ही सारखी महाराणीचंच विचारतेय."

"ठीक आहे," प्लंबर म्हणाला, आणि आपल्याच आवाजाची त्याला लाज वाटली.

सकाळी त्यानं टाकीचा दिवा लावला. नाकं फिकीच! पिशवी शोधायला तो स्वयंपाकघरात गेला, तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. डॉक्टरांनी लवकर सोडलं होतं. भावाच्या खांद्याचा आधार घेत वहिनी आत आली ती थेट टाकीसमोरच्या खुर्चीत बसली.

पळून जायला जागाच नव्हती. प्लंबरनं मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. ते तीन टगे, महाराणीचे पर, दुकानवाल्या बाई, फिकी नाकं. "वहिनी, तुम्ही नको म्हणाला होतात. मी उगाच शहाणपणा केला. हेही परत नेतो आता."

"कशाला? वर तर बघा."

त्यानं मान वर केली. दहाच्या दहा जण झाडामागून बाहेर आले होते. टाकीच्या या टोकाला येत होते, कुणी हाक मारल्यासारखे एकदम वळून त्या टोकाला जात होते. नाकं लालभडक. मधोमध महाराणी उभी, आणि घोळका तिच्या दोन्ही बाजूंनी फुटून पुढं पुन्हा एक होत होता.

"अहो, मघाशी तर..."

"मघाशी झोपेतून उठले होते. सकाळी दिवा लावल्या लावल्या कुणाचा रंग ठिकाणावर असतो? तुमचा असतो का?" वहिनी काचेजवळ वाकली. "पर भरून येतील हिचे. महिना लागेल, पण येतील."

प्लंबर तिथंच जमिनीवर बसला.

"आणि पाणी? बदललंत ना सगळं?"

"हात लावला नाही."

"खोटं."

"बादली गच्चीवर आहे, जाऊन बघा."

वहिनी हसायला लागली, आणि लगेच दोन्ही हातांनी पोट धरलं. "भावजी, आज हसवू नका हो. टाके दुखतात."