धुतलेलं गिरमिट

शी! आधी मला जरा थुंकू द्या, मग बोलतो. मी गिरमिट. सुताराचं नव्हे, जमिनीत पिळत जाऊन पोटातली माती वर आणणारं, माणसाच्या छातीएवढं लोखंडी गिरमिट.

वर्कशॉपमध्ये माझी पाती वळवली, तेव्हा वाटलं होतं की झाडांसाठी खड्डे घेऊ. पण नशिबात आले पर्यावरण सल्लागार! कारखान्यांनी नासवलेल्या जमिनी तपासायच्या आणि साफ कशा करायच्या ते सांगायचं, हा आमच्या साहेबांचा धंदा.

मध्यंतरी धातूच्या वस्तूंना मुलामा देणारा एक बंद कारखाना विकायला निघाला. जमीन आधी तपासून घ्या, असा सरकारी हुकूम होता. मालकाने दोन सल्लागार बोलावले. पहिल्या बाई म्हणाल्या, "आधी अ‍ॅसिडच्या हौदांपाशी खणावं लागेल." त्यांना कुणी चहासुद्धा विचारला नाही. आमचे साहेब मात्र गोड हसून म्हणाले, "तुम्ही बोट दाखवाल तिथे खणू." झालं! काम आमच्या पदरात. मला तिथेच ओकारी आली.

मालकाने बोट दाखवलं ते ऑफिससमोरच्या बागेकडे. तिथली माती बाहेरून आणून टाकलेली, मऊ, खताच्या वासाची. दर भोकानंतर साहेब मला साबणाने धूत; एका जागची घाण दुसऱ्या नमुन्यात जाऊ नये म्हणून. कसली घाण, डोंबल!

हौदांच्या मागे रखवालदाराची खोली होती. त्याची बायको पोरीला कडेवर घेऊन आली, मागोमाग तोही. पोर नुकती रांगायला लागलेली, गुडघे आणि तळवे फोडांनी भरलेले.

"साहेब, आमच्या दारात एकदा खणा ना. ही दिवसभर तिथेच रांगते. मी हिला घेऊन जाते म्हटलं, तर हे म्हणतात, माहेरी जायची निमित्तं काढतेस."

"बाई, ती जागा आमच्या कामात येत नाही," म्हणत साहेबांनी जेवणाचा डबा उघडला.

तिने पोर नवऱ्याच्या हातात दिली, मला उचललं आणि दात-ओठ खात आपल्या दारात पिळलं. वीतभर गेलो नाही तोच पिवळट हिरवा चिखल तोंडात आला. वास असा की मस्तकात जावा. आजवर पुष्कळ घाण खाल्ली मी, पण रांगत्या लेकराच्या दारातली ती घाण घशाखाली उतरेना. तिने मला तसंच नेऊन साहेबांपुढे आपटलं. चिखल त्यांच्या हातांवर उडाला.

साहेब ताडकन उठले. "हे धुतलेलं नव्हतं. न धुतलेल्या गिरमिटाचा नमुना धरता येत नाही!"

खरंच, जेवायच्या घाईत ते मला धुवायला विसरले होते. म्हणजे बागेतल्या मातीने हा चिखल हिरवा केला म्हणे! निर्लज्जपणाला काही सीमा?

एवढं बोलून ते नळाकडे धावले. साबण लावून कोपरापर्यंत हात चोळले, नखं घासली, पुन्हा साबण लावला.

"नमुना नाही म्हणता ना," ती म्हणाली, "मग हात कशाला एवढे घासताय?"

साहेबांनी तिसऱ्यांदा साबण उचलला. रखवालदार त्यांच्या हातांकडे बघतच राहिला. मग खोलीत जाऊन पिशवी भरून आला आणि बायकोला म्हणाला, "चल, निघू."

तो परतलाच नाही. जमीन स्वच्छ ठरली. मी घासूनपुसून साहेबांच्या गाडीच्या डिकीत पडलोय. काल साहेब फोनवर हसत सांगत होते, त्या खोलीत नवीन रखवालदार आला म्हणे, बायको आणि तान्ह्या मुलासकट.

अहो, तुम्ही तरी जा! ते मूल रांगायला लागायच्या आत कुणीतरी जाऊन सांगा हो त्यांना!