ठमीच्या आईची रुई

शाळेच्या मागच्या भिंतीशी बाग करायचं ठरलं, तेव्हा विज्ञानाच्या बाईंनी आधीच बजावलं, "विकतचं एकही झाड नको. इथल्या मातीत आपसूक वाढलेलं आणा. मधमाश्या-फुलपाखरांनाही ओळखीचं दार लागतं."

मग काय, वर्ग कामाला लागला. कुणी रस्त्याकडेची रोपं आणली, कुणी खिसे भरून बिया. काडीसारखी उंच एक पोरगी होती, तिला सगळे लाटणं म्हणायचे. तिने शेणखताची पिशवी डोक्यावरून आणली आणि दिवसभर तिच्या बाकावर कुणी बसेना.

ठमीने आईची रुई आणली.

आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. तिच्याविना त्या घरात बाबांना करमेना, म्हणून दोघं तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला गेली. जुन्या अंगणात नवे लोक फरशी घालणार होते. त्याआधी बापलेकीनं रुई मातीच्या ढेकळासकट उपटून आणली. पानांमागे बारीक अंडी होती, ती ठमीने ओढणीच्या आडोशाने जपली.

आई असताना शेजारीण म्हणायची, "अगं, त्या अळ्यांनी झाडाची चाळण केली की!"

आई हसायची. "माहेरवाशिणी आहेत माझ्या. खाऊ देत पोटभर." आणि गुणगुणायची,

*पान पान कातरीलं, कातरू दे बाई,*
*उडून जाईल लेक, मागे वळायची नाही.*

शाळेत रुईने दोन दिवस मान टाकली, मग सावरली. अंडी फुटली, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्या पानं कुरतडू लागल्या. आईच्या अंगणातलं जिवंत असं एवढंच उरलं होतं. मधल्या सुट्टीत ठमी वाकून बघून यायची. झाड आईचं, एवढंच तिने वर्गात सांगितलं होतं; अळ्यांबद्दल मात्र कुणाशीच बोलली नाही. आईचं नाव निघालं की ती दुसरंच काही काढायची.

मग तिला ताप आला. बरी होऊन शाळेत आली, तर फाटकातच लाटण्याने तिला गाठलं.

"डोळे मीट. मीट म्हणते ना!"

मागून चार हातांनी तिला ढकलत बागेत नेलं. डोळे उघडले तर रुई लख्ख. उरलेलं पान न् पान पुसलेलं.

"अगं, किडींनी फडशा पाडला होता," लाटणं धापा टाकत सांगू लागली. "म्हटलं, ठमीच्या आईचं झाड! मेलं तर हिला तोंड काय दाखवायचं? बाई गेल्या होत्या मीटिंगला. मग आम्हीच साबणाच्या पाण्यानं धुतलं. एकूण एक अळी वेचली."

"आणि?" ठमीने विचारलं.

"आणि काय! मिठाच्या पाण्यात. एक म्हणून शिल्लक नाही, पैजेवर बघ."

ठमीने पानं उलटून पाहिली. एक, दुसरं, शेंड्याचं. मग लाटण्याची बोटं दिसली. लालभडक, फोड आलेली.

"चीक लागला," लाटणं म्हणाली. "आई जाम ओरडली. पण सोडलं नाही हं मी."

सगळे ठमीच्या तोंडाकडे बघत होते, बक्षीस मिळायचं असल्यासारखे.

"छान केलंत," ठमी म्हणाली.

पोरं ओरडत नळाकडे पळाली. बाई मागेच उभ्या होत्या. त्यांनी झाड पाहिलं, ठमीला पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अगं, फुलपाखराच्याच अळ्या होत्या ना त्या? मी बोलते वर्गाशी. आत्ताच."

"नको, बाई."

"बाळा, नाही सांगितलं तर परत असंच करतील."

ठमीने बराच वेळ पायाने माती दाबली.

"पुढच्या अळ्यांचं सांगा. या अळ्यांचं नका सांगू."

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवला आणि तसाच राहू दिला.

"ए ठमे, चल की!" लाटणं बादली ओढत येत होती, दुखऱ्या बोटांनी कडी धरता येत नव्हती.

ठमीने बादली घेतली. "राहू दे तुझा हात. मी घालते."

तोंड भिंतीकडे करून ती पाणी घालत राहिली. आळ्यात थोडं पडलं, बाकीचं इकडेतिकडे वाहून गेलं. लाटणं शेजारी येऊन उभी राहिली.