चिमट्यातली चीर

महेंद्र साळव्यांची वाचा जाऊन आठ महिने होत आले होते. दौंडच्या रेल्वे शेडमध्ये तीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस. एका सकाळी दाढी करताना हातातलं रेझर गळून पडलं आणि त्यांची बायको सविताबाई धावत मोरीपाशी आल्या, तोवर उजवं अंग गेलं होतं. पुण्यात दीड महिना काढून परत आले. पाय ओढत का होईना, काठीच्या आधारानं चार पावलं टाकता यायला लागली. डावा हात तर पहिल्यासारखाच घट्ट होता. बोलणं मात्र आलं नाही. सगळंच बोलणं गेलं असतं तरी एक वेळ चाललं असतं, पण एक शब्द मागं राहिला होता. तो शब्द म्हणजे 'व्हय'.

पाणी पाहिजे का विचारलं, की व्हय. नको असलं तरी व्हय. जेवण तिखट झालंय, पंखा बंद कर, मला एकट्याला बसू दे, असं काहीही म्हणायचं असलं तरी तोंडातून तेवढंच पडायचं. मान हलवायला जावं तर तीही भलतीकडंच हलायची. डॉक्टरांनी सविताबाईंना समजावून सांगितलं होतं, "त्यांना सगळं कळतंय. शब्द डोक्यात आहेत, फक्त तोंडापर्यंत येत नाहीत." बाईंनी पाटी-पेन्सिल आणून दिली. महेंद्रना अक्षर डोळ्यांपुढं दिसायचं, पण हात टेकवला की ते निसटायचं आणि पाटीवर नुसत्या रेघोट्या उरायच्या. पंधरा दिवसांनी त्यांनी पाटी खाटेखाली सरकवून दिली.

रविवारी मात्र त्यांच्या दारात गर्दी व्हायची. सहा वर्षांपूर्वी त्यांनीच दौंड-शिरूरकडच्या सायकलवाल्यांना एकत्र केलं होतं. दर रविवारी पहाटे निघायचं, चाळीस-पन्नास किलोमीटर हाणायचे आणि कुठंतरी मिसळ खाऊन उन्हाच्या आत घरी यायचं. महेंद्र तरुणपणी पाबळला वेल्डिंग शिकलेले, पुढं रेल्वेत लोखंडाशीच संसार. त्यामुळं मंडळींतली एकही सायकल महेंद्रच्या, म्हणजे सगळ्यांच्या आप्पांच्या, हाताखालून गेल्याशिवाय लांबच्या रस्त्याला लागत नसे. आप्पा तिला उलटी करायचे, चाक फिरवायचे, पान्यानं जागोजागी ठोकून कान लावायचे. "लोखंड बोलतं," म्हणायचे. "आपण ऐकाय पायजे."

आता आप्पा आजारानं घरीच बसलेत म्हटल्यावर मंडळींनीच ठरवलं, की दर रविवारी शेवटचा चहा आप्पांच्या अंगणात. तेवढंच त्यांना बरं वाटेल. आणि खरंच बरं वाटायचं. सविताबाई त्यांना आंघोळ घालून, इस्त्रीचा शर्ट चढवून, खुर्चीत बसवून ठेवायच्या.

त्या रविवारीही असंच झालं. ऊसतोडीचे दिवस, हवेत गारवा. आठच्या सुमाराला आठ-दहा सायकली फाटकातून आत आल्या. सगळ्यांत आधी मारुतराव. हे निवृत्त मास्तर, सत्तरीला टेकलेले, पण डायनामोवाली जुनी काळी सायकल अजून सोडलेली नाही.

"जय भीम, आप्पा," मास्तर म्हणाले आणि सायकल भिंतीला न टेकवता स्टँडवर लावली. "स्टँड असलेली हीच एक सायकल हाय बरं का अंगणात. बाकी सगळ्या झोपणाऱ्या."

"मास्तर, तुमची ती सायकल हाय का रणगाडा?" खुटबावच्या बाळासोनं लगेच सुरुवात केली. बाळासो उसाचा मोठा बागायतदार, गळ्यात चेन, डोळ्यांवर गॉगल, आणि सायकल म्हणजे नुसती कार्बनची. त्यानं ती एका बोटावर उचलली आणि अंगणात एक गिरकी घेतली. "हे बघा. सात किलो! आमच्या कोंबड्याचं वजन जास्त भरंल."

"कोंबडा निदान आरवतो तरी," मास्तर म्हणाले. "हिचा गिअर पडला की तू पुण्याला फोन लावतो. माझी सायकल मी दगडानं सरळ करतो."

सगळे हसले. मग प्रत्येकानं आपापलं पुराण लावलं. कुणी नव्या ब्रेकचं, कुणी गादीचं, कुणी मोबाईलवर चढाचा आलेख दाखवून आपण तो कसा न उतरता चढलो त्याचं. महेंद्रही हसत होते. असं बोलणं कानांवर पडलं, की आपण गप्प आहोत हे त्यांच्या ध्यानातच राहत नसे.

शेवटी शंभू आला. शिरूरचा, रांजणगावच्या एका कंपनीत मशीन चालवणारा, चौतीस वर्षांचा गडी. आप्पांवर त्याचा फार जीव. त्याच्याकडं आजवर साधीच सायकल होती. आज मात्र तो निळ्या, चकचकीत सायकलीवरून उतरला आणि ती थेट आप्पांच्या खुर्चीसमोर आणून उभी केली.

"आप्पा, घेतली! जुनीच हाय, पुण्याच्या एका माणसाची, पण रंग बघा नवा मारलाय. आख्खी स्टीलची हाय. तुम्हीच म्हणायचा ना, घ्यायची तर स्टीलची घे? शिरूरपास्नं न्हावरा, चौफुला, पाटस करत आलो, पासष्ट किलोमीटर, नुसती पळतीय!"

मंडळी भोवती जमली. सगळे उभे, त्यामुळं सगळ्यांच्या नजरा हँडलवर, गिअरवर, गादीवर. खुर्चीत बसलेल्या महेंद्रच्या डोळ्यांसमोर मात्र पुढचा चिमटा आला होता. चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या त्या दोन नळ्या. डाव्या नळीच्या वरच्या अंगाला, जिथं ती जोडाला मिळते तिथं, आतल्या बाजूनं निळ्या रंगावर एक तांबूस रेघ होती. केसाएवढी, पण अर्ध्या नळीला वळसा घालून गेलेली.

महेंद्रचं हसणं थांबलं. तीस वर्षं त्यांनी असल्या रेघा शोधण्यातच घालवली होती. ही सायकल कधीतरी आपटली होती, चिमटा वाकला होता, कुणीतरी तो सरळ करून वर रंग फासला होता. आत तडा होता आणि गंज रंगातून वर येत होता.

'शंभू, बाजूला ठेव ती. चिमटा चिरलाय. आज हिच्यावर बसू नको.' वाक्य डोक्यात लख्ख उभं राहिलं.

"व्हय," ते म्हणाले.

"आवडली!" शंभूचा चेहरा फुलला. "मी म्हटलंच व्हतं, आप्पांना आवडणार."

"व्हय! व्हय!" महेंद्रनी हात पुढं करून त्या रेघेवर बोट ठेवलं. पण बोट मोठं आणि रेघ बारीक. बोट ठेवलं की रेघच झाकली जायची. शंभूला वाटलं, आप्पा सायकलीवरून हात फिरवताहेत. तो बाजूला सरकून उभा राहिला, डोळे भरून बघत.

महेंद्रना एक सुचलं. शेजारच्या स्टुलावरच्या चहाच्या बशीतला चमचा त्यांनी उचलला आणि उजव्या नळीवर मारला. टण्ण. मग डाव्या नळीवर. थप्प. पुन्हा उजवी, पुन्हा डावी. टण्ण, थप्प. त्यांनी वर बघितलं. या सगळ्यांच्या देखत त्यांनी शंभर वेळा असं ठोकून दाखवलं होतं. कुणाला तरी आठवेल. मास्तरांना तरी आठवेल.

"आप्पांनी ताल धरला!" बाळासो ओरडला आणि त्यानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. दुसऱ्यानं साथ दिली. टण्ण, थप्प, टण्ण, थप्प, आणि भोवती आठ माणसांच्या टाळ्या. कुणीतरी मोबाईल काढून चित्रण केलं. मास्तर रुमालानं डोळे पुसत होते.

महेंद्रनी चमचा फेकून दिला. डाव्या हातानं चिमटा गच्च धरला आणि आपल्याकडं ओढला. चाक त्यांच्या गुडघ्यावर आपटलं. "व्हय! व्हय! व्हय!" तोंडातून लाळ गळायला लागली, खुर्ची कलंडली, दोघांनी ती सावरली. टाळ्या थांबल्या. सगळे एकमेकांकडं बघू लागले.

"काय झालं हो?" सविताबाई आतून पळत आल्या. नवऱ्याची ती अवस्था बघून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी चांगली माणसं, दर रविवारी वाट वाकडी करून येतात, आणि हे असं. त्यांनी पदरानं त्यांचं तोंड पुसलं. "सोडा बघू. सोडा हो. त्याला लांब जायचंय, ऊन चढंल. अहो, अशी दुसऱ्याची वस्तू ओढू नये."

त्यांनी चिमट्यावरचं एकेक बोट उकललं. आधी करंगळी, मग तिच्याशेजारचं. अंगठा सुटेना, तेव्हा दोन्ही हातांनी सोडवला. महेंद्र त्यांच्याकडं बघत होते. तीस वर्षांत ही बाई नुसत्या नजरेवरून ओळखायची की आज शेडमध्ये काहीतरी बिनसलंय. पण त्या दिवशी शरमेनं तिनं वर बघितलंच नाही.

"ऱ्हाऊ द्या, काकू," शंभू म्हणाला. तो आप्पांपुढं उकिडवा बसला. "आप्पा, मन लई दुखतंय ना तुमचं? पुढच्या रविवारी हिच्यावर बसवतो तुम्हाला. मी धरतो, मास्तर धरतील. चालंल ना?"

"व्हय," महेंद्र म्हणाले.

मंडळी पांगली. सविताबाईंनी त्यांना घरात नेऊन खाटेवर निजवलं आणि दार लोटून घेतलं. पाऊण तास उशाशी बसून त्या कपबशा विसळायला गेल्या तसा महेंद्रनी उशाचा मोबाईल ओढला. नावं वाचता येत नव्हती, पण शंभूच्या नावापुढं त्याचा फोटो होता. त्यावर अंगठा दाबला. घंटा वाजत राहिली. मग आवाज आला, पाठीमागं ट्रॅक्टरवरची गाणी.

"बोला, आप्पा! पाटसला थांबलोय, उसाचा रस घेतोय."

महेंद्रनी डोळे मिटले. आता एकच शब्द पाहिजे होता. 'चिमटा'. 'थांब' सुद्धा चाललं असतं. जीभ दातांवर दाबून त्यांनी 'थ'च्या जवळपास काहीतरी शोधलं. घाम फुटला.

"व्हय," ते म्हणाले. "व्हय. व्हय."

"व्हय व्हय, हळू जातो! पोचलो की फोन करतो, काकूंना सांगा." आणि फोन बंद झाला.

पुन्हा लावला तेव्हा तो उचललाच गेला नाही. त्यांनी सहा वेळा लावला. सातव्या वेळी सविताबाई आत आल्या आणि मोबाईल काढून घेऊन फळीवर ठेवला. "किती तरास द्यायचा त्या पोराला," त्या म्हणाल्या आणि मग वाईट वाटून त्यांच्या कपाळावरून हात फिरवत बसल्या.

चौफुल्याच्या पुढं एका गतिरोधकावर चिमटा तुटला. पुढचं चाक निखळून वेगळंच पळालं आणि शंभू तोंडावर गेला. मागून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं कसाबसा ब्रेक दाबला म्हणून जीव वाचला. जबडा मोडला, गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि खांद्यातल्या नसा तुटून डावा हात लुळा पडला. दुपारी दोनला बाळासोचा फोन आला. सविताबाई "अगं बाई" म्हणून भिंतीला टेकल्या. खाटेवर महेंद्र रडायला लागले ते संध्याकाळपर्यंत. बाईंना वाटलं, ओळखीचा पोरगा, म्हणून रडताहेत.

त्यानंतर रविवार सुने गेले. मंडळींचा उत्साहच मावळला होता.

दोन महिन्यांनी एका मंगळवारी दुपारी दारात रिक्षा थांबली. शंभू उतरला. जबडा एका बाजूला बसलेला, डावा हात गळ्यातल्या झोळीत. कंपनीनं त्याला मशीनवरून काढून गेटवर बसवायचं ठरवलं होतं. उजव्या हातात पिशवी होती. तो आप्पांच्या शेजारी बसला आणि पिशवीतून तुटका चिमटा काढून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"पोलिसांनी परत दिला. म्हटलं आप्पांना दाखवावं," तो म्हणाला. शब्द अजून नीट फुटत नव्हते. "एवढं चांगलं स्टील आन् असं कसं तुटलं?"

महेंद्रनी तुटलेलं टोक उजेडाकडं वळवलं. गोल कडेचा अर्धा भाग नव्या नाण्यासारखा चकाकत होता. उरलेला अर्धा जुन्या, काळपट गंजानं भरला होता. त्यांनी गंजावर बोट ठेवलं आणि शंभूकडं बघितलं. या वेळी बोट काही झाकत नव्हतं.

शंभूनं वाकून ते टोक जवळून बघितलं. "हे आधीपास्नं तुटलेलं व्हतं," तो हळूच म्हणाला. मग त्याचा चेहरा बदलला. "तुम्हाला दिसलं व्हतं. चमच्यानं तुम्ही... आन् आम्ही टाळ्या वाजवल्या."

सविताबाई पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी तांब्या खाली ठेवला. जवळ येऊन ते गंजलेलं टोक बघितलं, मग नवऱ्याचा डावा हात बघितला.

"मी बोटं सोडवली," त्या म्हणाल्या. "एकेक करून. फोनबी मीच काढून घेतला." त्या खालीच बसल्या. "अहो, माझ्यामुळं झालं का हो हे?"

'नाही गं. तुला कसं कळणार? कुणालाच कळलं नाही.' सगळं वाक्य तयार होतं. पण त्याऐवजी काय बाहेर पडेल हे महेंद्रना ठाऊक होतं. तो शब्द जिभेवर येऊन बसलाच होता. त्यांनी दात दाबून धरले, ओठ मिटून घेतले आणि डाव्या हाताचा तळवा तोंडावर घट्ट ठेवला.

सविताबाई उत्तराची वाट बघत होत्या. त्यांना दिसलं ते एवढंच, की नवरा तोंड झाकून बसलाय आणि नाही म्हणत नाहीये.

"काकू, गाडी मी तपासून घ्यायची व्हती. तुमचा काय दोष?" शंभू म्हणाला. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. "च्या ठेवते," म्हणून त्या उठल्या आणि आत गेल्या. आत गॅस पेटल्याचा आवाज आला नाही.

महेंद्र उठायला धडपडू लागले. त्यांना आत काकूंकडं जायचंय, हे शंभूनं ओळखलं. उजवा हात पुढं करून त्यानं आप्पांचा डावा हात धरला आणि ओढलं. मोडलेल्या हाडातून कळ गेली, तो ओरडला आणि आप्पा पुन्हा खुर्चीत बसले. दुसऱ्यांदा ते अर्धवट उठले आणि पाय सरकला. चिमटा मांडीवरून घरंगळून फरशीवर पडला.

"काकू," शंभूनं हाक मारली.

आतून ओ आली नाही. दोघं एकमेकांचा हात धरून स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत राहिले.