कोपऱ्यातली अकरा नंबर

मॅडमनी पाटीवरची पाच वर्तुळं तळहातानं पुसली आणि कॅप्टनच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"झोन नाही. आपापली मुलगी धरा. झालं."

बास्केटबॉलचा टाइमआउट एका मिनिटाचा, त्यातली पंधरा सेकंदं या पुसापुशीतच गेली. पाचही मुली धापा टाकत उभ्या होत्या. सगळ्यात उंच म्हणून जिला सगळे शिडी म्हणत, तिचे चार फाउल झाले होते. पाचवा झाला की ती बाहेर. सगळ्यात लहानखुरी चिमणी गुडघ्याची पट्टी घट्ट करत होती.

"मॅडम, त्यांची सात नंबर आम्हाला पळवून पळवून मारतेय," कॅप्टन म्हणाली. "वर्षभर आपण झोनवर जिंकलो. तुम्हीच शिकवलंत ना? मग आता सेमीफायनललाच काय झालं?"

काय झालं ते मुलींना अर्धंच ठाऊक होतं. पाच आठवड्यांपूर्वी मॅडमचे वडील गेले, एवढंच. चार दिवसांनी मॅडम परत आल्या आणि पहिल्याच सरावाला म्हणाल्या, आजपासून झोन बंद. वडील जाण्याचा आणि झोनचा काय संबंध, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

संबंध होता. घरच्या फ्रिजवर तो अजून चिकटवलेला होता.

मॅन-टू-मॅन म्हणजे प्रत्येकीनं एक मुलगी वाटून घ्यायची आणि ती जाईल तिथं तिच्या मागे जायचं. झोनमध्ये माणूस नाही, जागा वाटून घ्यायची. आपल्या तुकड्यात येईल ती आपली, तिथून गेली की दुसरीची. दम कमी लागतो. मॅडमना हे फार पटलेलं. इतकं, की बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि कुणी धरल्याशिवाय त्यांनी उठायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा मॅडमनी सरावाच्याच रंगीत पेनांनी एका कागदावर दिवसाचे तीन तुकडे पाडले. सकाळ वहिनीची, हिरवी. दुपारपासून सहापर्यंत दादाची, निळी, कारण त्याची कारखान्यातली पाळी साडेसहाला सुरू व्हायची. सहाच्या पुढे मॅडमची, लाल.

बाबांनी चष्मा लावून तो कागद वाचला होता.

"दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. मी तर तीन घरचा झालो की गं!"

सगळे हसले होते. मॅडमसुद्धा.

त्या दिवशी दादा पावणेसहालाच निघाला. बस चुकली असती आणि बाबांचा डोळा लागला होता. पंधरा मिनिटांनी काय होतंय, असं त्याला वाटलं. बाबा मध्येच कधीतरी एकटे उठले आणि मोरीच्या दाराशी पडले. तीन दिवसांनी गेले.

"मी सहाला आले तेव्हा ते पडलेलेच होते," असं मॅडमनी दवाखान्यात सांगितलं.

आल्या होत्या पावणेसातला. त्या संध्याकाळी मुलींना कोपरा शिकवत होत्या. झोनमध्ये कोपऱ्यात गेलेला बॉल कुणाचा, हे चिमणीच्या काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं.

दवाखान्यात ते वाक्य तोंडातून निघून गेलं आणि मग परत घेता येईना. वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर म्हणू लागली, "पंधरा मिनिटं दम निघाला नाही ह्यांना!" दादा मान खाली घालायचा. "चूक माझीच," म्हणायचा. आणि मॅडम? शेजारी बसून मूग गिळायच्या. दात काढायच्या आधी सुई देतात ना, मग ओठ आपला असून आपला वाटत नाही, तसं त्यांचं सगळ्या अंगाचं झालं होतं. चहा गरम की गार, कळायचं नाही. रोज रात्रपाळीच्या सुट्टीत दादा फोन करायचा आणि एकच विचारायचा, "छोटे, जेवलीस का?" त्या "हो" म्हणायच्या. बहुतेक वेळा ते खरं नसायचं.

"मॅडम?" कॅप्टन म्हणाली. "वीस सेकंदं राहिली."

मॅडमनी शिडीकडे पाहिलं. पोर गुडघ्यांवर हात टेकून वाकली होती. नाही म्हणायलाही जोर लागतो, आणि तो आता मॅडमच्या अंगात उरला नव्हता.

"खेळा," त्या म्हणाल्या. "झोन खेळा."

मुलींच्या अंगात जणू नवं वारं शिरलं. सात नंबर आत घुसली की समोर दोन हात, वळली की आणखी दोन. तीनदा तिच्या हातून बॉल गेला. सहा गुणांनी मागे होत्या त्या बघता बघता दोनांनी पुढे गेल्या. बाकावरच्या मुली ओरडून ओरडून घसा बसवून घेत होत्या. मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. जिंकलो तर काय वाटेल, याचा अंदाज घेऊन पाहिला; काहीच हाती लागलं नाही.

शेवटची नऊ सेकंदं. सात नंबर आत शिरली, सगळ्या तिच्यावर धावल्या आणि तिनं न बघताच बॉल डाव्या कोपऱ्यात फेकला. तिथं अकरा नंबर उभी होती. अख्ख्या सामन्यात जिनं एक गुण केला नव्हता, ती. बास्केटपासून लांबच्या, वरच्या तुकड्यातून चिमणीनं पाहिलं, तिला वाटलं कॅप्टन जाईल. बास्केटखालच्या तुकड्यातून कॅप्टननं पाहिलं, तिला वाटलं चिमणी येतेय. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. अकरा नंबरनं सावकाश, शाळेतल्या फळ्यावर लिहावं तसा, बॉल वर टाकला.

तीन गुण. एका गुणानं हरल्या.

सामना संपल्यावर मॅडम नेहमी एक प्रश्न विचारायच्या, "कुणाची होती ती?" आज त्यांनी तो विचारला नाही. विचारावाच लागला नाही.

"माझी होती," चिमणी हुंदके देत म्हणाली. "मी खाली यायला हवं होतं."

"गप गं. माझी होती. मी निदान ओरडायला तरी हवं होतं."

"तू कशाला? तुझ्याकडे आत एक होतीच की!"

"म्हणून काय झालं? दिसत होती मला."

हार कुणाच्या नावावर, यावरून दोघी चक्क भांडत होत्या. भांडता भांडता कॅप्टननं खाली बसून चिमणीच्या गुडघ्याची पट्टी सोडवायला घेतली. मॅडम पाटी छातीशी धरून बघत राहिल्या. आपल्याला यातलं काहीच जमलं नाही, असं त्यांच्या मनात आलं, आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा कुठंतरी दुखलं.

मान वर केली तर प्रेक्षकांत, सगळ्यात वरच्या ओळीत, दादा. एकटाच. आजवर तो एकही सामना बघायला आला नव्हता. मॅडम पायऱ्या चढून गेल्या आणि मध्ये एक खुर्ची सोडून बसल्या, कारण मधल्या खुर्चीवर त्याची डब्याची पिशवी होती.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," दादा म्हणाला. "पण शेवटची ती, कोपऱ्यातली. तिला कुणी धरायचं होतं?"

मॅडमनी पाटी खाली ठेवली.

"दादा, त्या दिवशी मी सहाला आलेच नव्हते. पावणेसात झाले होते. खोटं बोलले मी."

खाली एक बाई लांब दांड्याच्या फडक्यानं मैदान पुसत होती. दादा तिच्याकडेच बघत होता.

"माहितीये."

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या सरावाच्या मैदानावरच्या वॉचमननं. बाबा दवाखान्यात होते तेव्हा तुझी तिथं राहिलेली बॅग आणायला गेलो होतो ना, तेव्हा. काल मॅडम साडेसहापर्यंत इथंच होत्या, म्हणाला."

"आणि तू पाच आठवडे वहिनीची बोलणी खातोयस? तिला का नाही सांगितलंस?"

"मी पावणेसहाला निघालो, ते काय खोटं आहे?"

मॅडमनी पाटी पुन्हा उचलून मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "राग नाही आला माझा?"

"येतो की. रोज सकाळी उठल्याउठल्या येतो." दादानं चेहऱ्यावरून हात फिरवला. "म्हणून तर रोज रात्री फोन करतो."

खाली मुली बॅगा उचलून निघाल्या होत्या. चिमणी लंगडत होती, कॅप्टनच्या खांद्यावर दोन बॅगा होत्या.

"वहिनीला मी सांगते," मॅडम म्हणाल्या. "आजच. तू मध्ये बोलायचं नाहीस."

 दादानं मधल्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"जेवलीस का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या, आणि त्या खुर्चीवर सरकून बसल्या.