आज कशाचे आभार

धाकटा हसायला लागला आणि वहिनीची झोप उडाली.

बाकीच्यांचं उलट झालं. थोरला, म्हणजे वहिनीचा नवरा, कित्येक आठवड्यांनी घोरायला लागला. शेजारीपाजारी म्हणाले, पोरगं मार्गी लागलं. लेक भिंगरी काकाच्या पाठीला पुन्हा लोंबकळायला लागली. घराची हवाच पालटली. अशा वेळी एकट्या वहिनीने रात्रभर कूस बदलत राहावं, याला लोक काय म्हणतील? सुख बोचतं म्हणतील. म्हणून ती कुणाला काही बोलली नाही.

धाकटा परांची बांधायचा. इमारतीच्या अंगाला लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा करायचा, वर फळ्या टाकायच्या, मग त्यावर चढून रंगारी रंग लावणार आणि नाव रंगाऱ्याचं होणार. हे काम एकट्याचं नसतं, जोडीने करायचं असतं. धाकट्याचा जोडीदार त्याच्याहून थोडा मोठा होता. एका सकाळी सोसाट्याचा वारा सुटला आणि अर्धी बांधलेली परांची कलंडली. धाकट्याच्या कमरेचा पट्टा वर अडकलेला होता, तो हवेत लोंबकळत राहिला. जोडीदार खाली गेला.

त्यानंतर जो येईल तो एकच म्हणायचा, नशीब बलवत्तर, वाचलास. धाकटा मान हलवायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा.

इस्पितळातल्या समुपदेशक बाईंनी थोरल्याला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. रोज थोडा वेळ सगळ्यांनी शांत बसा, दिवसातलं एखादं चांगलं आठवा. आणि त्याला बोलतं करा, तो जे बोलेल ते ऐका. थोरला शाळेची बस चालवायचा. रस्ता एकदा कळला की डावीउजवीकडे न बघण्याची त्याला सवय. त्याने पहिली गोष्ट घट्ट धरली आणि दुसरी वाटेत कुठेतरी सांडली. झालं, घरात नियम सुरू झाला. जेवणाआधी टीव्ही बंद, डोळे बंद, थोडा वेळ सगळे गप्प. मग एकेकाने सांगायचं, आज कशाचे आभार. तक्रार करायची नाही. वाईट बोलायचं नाही. नव्याची नवलाई चार दिवसांत सरेल असं वहिनीला वाटलं होतं, पण थोरल्याने नेट सोडला नाही. आणि खोटं कशाला बोला, तिलाही ते आवडायला लागलं होतं. दिवसभर लॉन्ड्रीत इस्त्रीच्या वाफेत उभं राहिल्यावर ती घडीभराची शांतता अंगावर ओली चादर टाकल्यासारखी वाटायची.

धाकट्याची पाळी आली की तो म्हणायचा, "वाचलो, म्हणून आभार." रोज तेवढंच. शाळेतल्या पोराने हजेरी द्यावी तसं.

आणि मग अचानक एका संध्याकाळी तो हसला. म्हणाला, "आज भिंगरीचे आभार. मी पडून होतो तेव्हा ती रोज शाळेतून आली की माझ्या पायाशी येऊन बसायची. काही बोलायची नाही." भिंगरी लाजली. दुसऱ्या दिवशी त्याने थोरल्याचे आभार मानले. लहानपणी दादाने सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडलं, थंडीत स्वतःचा मफलर माझ्या कानाला बांधला, असं सगळं सांगत गेला. थोरल्याचे डोळे भरून आले. रात्री तो वहिनीला म्हणाला, "बघ. पालथ्या घड्यावर पाणी म्हणत होतीस ना?"

ती तसं कधीच म्हणाली नव्हती. पण धाकट्याचं ते हसू तिला खटकलं होतं आणि का ते तिला सांगता येत नव्हतं.

धाकटा आता भल्या पहाटे उठायचा, दाढी करायचा, घरातली रखडलेली कामं हातावेगळी करायचा. गळका नळ दुरुस्त केला. खिडकीची काच बदलली. ठेकेदाराला त्याची पाना-पकडीची पिशवी नेऊन दिली. कुणाचं काही घ्यायचं ठेवलं नाही की द्यायचं ठेवलं नाही. वहिनीला वाटायचं, हा घर नीट करतोय की आवरतोय?

घराच्या पुढच्या खोलीतच तिची लॉन्ड्री होती. एका दुपारी तो दोन्ही हातांत मावेनात इतके कपडे घेऊन आला. आपले सगळे, अगदी ट्रंकेत तळाला पडलेला कोटसुद्धा. वर एक करड्या रंगाचा स्वेटर होता.

"हा कुणाचा?"

"त्याचा. माझ्याकडेच राहिला होता. त्याच्या आईला देऊन येतो."

तिने सगळं धुतलं, वाळवलं, घड्या घातल्या. दोन दिवसांनी तो न्यायला आला. स्वेटर तेवढा बाजूला काढला आणि बाकीचे कपडे उराशी धरून दारात थांबला.

"वहिनी, तू फार केलंस माझं."

तिच्या हातातली इस्त्री तिने उभी करून ठेवली.

इतक्या वर्षांच्या दुकानदारीत तिला एक गोष्ट पक्की कळली होती. रोजचं गिऱ्हाईक कुरकुरतं. कॉलर कडक नाही, डाग निघाला नाही, परवा देते म्हणालात आणि आज आठवडा झाला. कुरकुरतं आणि पुन्हा येतं. आभार मानतं ते शहर सोडून जाणारं गिऱ्हाईक. राहिलेलं पायपुसणंसुद्धा आठवणीने मागून नेतं, दारात थांबतं, तुम्ही फार केलंत हो आमचं म्हणतं, आणि मग कधी दिसत नाही. तो आवाज तिने झोपेतही ओळखला असता.

"कुठे निघालास?" तिने विचारलं.

"उद्या सकाळी जरा बाहेर जाऊन येतो. कामाचं बघतो."

"आणि हे कपडे?"

"ते राहू देत कपाटात. सामान कशाला लागतंय?"

तो हसला आणि आत गेला. मागून जाऊन त्याचा हात धरावा असं तिला वाटलं, पण ती थोरल्याची वाट बघत राहिली.

थोरला बस लावून आला तसं तिने त्याला रस्त्यातच गाठलं आणि मनातलं सगळं सांगून टाकलं. त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

"मन चिंती ते वैरी न चिंती," तो म्हणाला. "आता कुठे पोरगं हसतंय. त्यात तू बिब्बा घालू नकोस."

"पण मी त्याला विचारू तरी का?"

"असलं विचारतात का कुणी? नसेल मनात तर यायचं."

ती घरी आली, भिंगरीला पुस्तकं देऊन शेजारी अभ्यासाला धाडलं आणि पानं वाढली.

टीव्ही बंद झाला. थोरल्याने डोळे मिटले, हात मांडीवर ठेवले. तिनेही मिटले. बाहेर कुणीतरी गाडी सुरू करायची खटपट करत होतं, ती चालू झाली आणि निघून गेली. मग नुसते तिघांचे श्वास ऐकू यायला लागले. नवऱ्याचा जड, तिचा स्वतःचा भराभर. धाकट्याचा अगदी संथ होता. कामं सगळी उरकलेल्या माणसाचा असतो तसा. तिने डोळे उघडले.

धाकट्याचे डोळे उघडेच होते. तो थोरल्याच्या चेहऱ्याकडे बघत होता. कपाळ, भुवया, हनुवटी, सावकाश, काही राहायला नको अशा नजरेने. थोरल्याचं झालं तशी नजर तिच्याकडे वळली आणि तिच्या नजरेला भिडली. तिच्या लक्षात आलं, आपण सगळे रोज डोळे मिटून आभार आठवत बसतो तेव्हा हा आपला निरोप घेत असतो.

थोरल्याने घसा खाकरला. "आज मला वाटतं, आपल्या घरात आनंद परत आला, त्याचे आभार." मग तिच्याकडे बघून म्हणाला, "हं, तू."

"मला आज कुणाचे आभार मानायचे नाहीत," ती म्हणाली. "मला भीती वाटतेय."

"अगं, नियम काय आपला—"

"चुलीत घाला तो नियम." ती धाकट्याकडे वळली. "धाकट्या, तू जीव द्यायचं ठरवलंयस का?"

थोरला उठायला गेला आणि तसाच खाली बसला, कारण धाकट्याने नाही म्हटलं नव्हतं. तो पानाकडे बघत होता. हसू चेहऱ्यावर अजून होतं, पण ते काढून ठेवायला विसरल्यासारखं होतं.

"हो," तो म्हणाला.

वहिनीला वाटलं होतं, हे ऐकलं की आपण किंचाळू. पण ती किंचाळली नाही. उलट किती दिवसांनी तिला नीट श्वास घेता आला.

"कधी?"

"उद्या."

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली आणि त्याचं मनगट धरलं. "आता का ते सांग."

तो बोलला तेव्हा आवाज अगदी साधा होता.

"वर चढल्यावर तो म्हणाला, आधी तू पट्टा अडकव, मग मी. मी अडकवला. तो अडकवणार तेवढ्यात वारा आला. एवढंच. आणि तुम्ही रोज म्हणता, वाचलास त्याचे आभार मान. कसे मानू? रोज संध्याकाळी म्हणू, बरं झालं तो गेला? मला जमत नाही, वहिनी. मी तुमच्यासाठी करून बघितलं."

थोरल्याचा चेहरा पडला. घरात कुणी मेल्यावरसुद्धा तो असा दिसला नव्हता. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि वहिनीला धडकी भरली, आता हा नशीब म्हणेल, देवाची कृपा म्हणेल. पण तो उठला, फोन घेऊन आतल्या खोलीत गेला. भिंतीपलीकडून त्याचा आवाज ऐकू येत राहिला, समुपदेशक बाईंशी बोलतानाचा, मध्येच फुटणारा. हो बाई. आत्ता. नाही, एकटा नाही सोडत. हो, गाडी पाठवा, तोवर त्याच्याजवळच बसतो.

तो परत आला तेव्हा धाकट्याचं मनगट वहिनीच्या हातातच होतं. थोरला भावाच्या समोर उभा राहिला.

"मी तुला कधी विचारलंच नाही रे," तो म्हणाला. "कसा होता तो?"

धाकट्याने मान वर केली. इतक्या दिवसांत हा प्रश्न त्याला कुणीच विचारला नव्हता, हे तिघांनाही एकदमच कळलं.

"कसा होता म्हणजे," तो म्हणाला. "एक नंबरचा कामचुकार होता. खालून पाइप मी उचलायचे आणि हा वर बसून गाणी म्हणणार. तीही बेसूर." त्याचा ओठ वाकडा झाला. "एकदा तर भर उन्हात—"

पुढचं त्याला बोलता येईना. अपघातानंतर तो रडला नव्हता, तो आता रडायला लागला. वहिनीने मनगट सोडलं नाही. उद्या काय होईल हे तिला माहीत नव्हतं, परवाचंही नव्हतं, आणि भीती अजून जिथल्या तिथे होती.

थोरल्याने आपली खुर्ची उचलली, बाहेरच्या दाराला टेकवून ठेवली आणि तिच्यात बसला.

"मग?" तो म्हणाला. "एकदा भर उन्हात काय झालं?"