काज-बटण बाहेर जातं

चार वर्षं कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानावरून जाताना ताईनं तिकडे मान वळवली नव्हती. त्याच्या साक्षीनं तिच्या धाकट्या भावाला जन्मठेप झाली होती. भाऊ गोदामात हमाल. तिथल्या रखवालदाराचा खून झाला, मेलेल्याच्या मुठीत दोऱ्यासकट एक बटण सापडलं, आणि भावाच्या सदऱ्याचं एक बटण तुटलेलं निघालं. शिंप्यानं कोर्टात सांगितलं, "हे काम आमच्याच दुकानचं. दुहेरी दोरा, खाली तीन वेढे, गाठ आतून." डोळ्यांनी पाहणारा कुणीच नव्हता. आठवड्यापूर्वीचं भांडण, त्या संध्याकाळी फाटकातून बाहेर पडताना दिसणं आणि हे बटण, अशा तीन कड्यांची साखळी भावाच्या पायात पडली.

अपिलाच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी ती वकीलबाईंच्या खोलीत बसली होती.

"त्या शिंप्याला खोटा पाडा, बाई. एक नंबरचा लबाड! माझ्या लग्नातला ब्लाउज दोन बोटं आखूड शिवला होता मेल्यानं."

"ब्लाउजचा खटला वेगळा चालवू," वकीलबाई कागदातून मान वर न करता म्हणाल्या. "खालच्या कोर्टात तुमच्या वकिलांनी हेच केलं. दारू पितोस का, पोलिसांशी दोस्ती आहे का, अर्धा तास तेच. माणूस बधला नाही. बधेल कसा? खरंच बोलत होता तो."

"म्हणजे माझ्या भावानंच..."

"असं कुठं म्हटलं मी? हे पान वाचा आधी. एकशे बारा."

ताई बोट ठेवून वाचू लागली. उलटतपासणी संपल्यावर न्यायाधीशांनी सहज एक प्रश्न विचारला होता: बटणं तुम्ही स्वतः लावता का? उत्तर होतं: नाही साहेब. मी कापतो, शिवतो. काज-बटण बाहेर जातं. मागच्या गल्लीतल्या मावशी करतात, पाच दुकानांचं.

निकालपत्रात या ओळीचा मागमूसही नव्हता.

ताईनं ती तीनदा वाचली. मावशींच्या ओट्यावर सदऱ्यांची गाठोडी तिनं काय थोडी पाहिली होती? गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ही गोष्ट ठाऊक होती. इतकी ठाऊक, की ती बोलून दाखवावी असं कुणालाच वाटलं नाही. तिला नाही, भावाला नाही, मावशींनाही नाही.

दुसऱ्या दिवशी सरकारी वकील ठासून म्हणाले, "साहेब, शिंप्याला खोटं बोलायचं काहीच कारण नाही."

"खोटं बोलतोय असं म्हणतंय कोण?" खंडपीठावरच्या दोघांतले वयस्कर न्यायमूर्ती चष्मा पुसत म्हणाले. "आम्ही त्याचं सगळंच खरं धरतो. पान एकशे बारासुद्धा. आता सांगा, पाच दुकानांतले किती सदरे गावात फिरत असतील?"

सरकारी वकिलांनी पान उलटलं. आणखी एकदा उलटलं.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. त्यात लिहिलं होतं, की साक्षीदार प्रामाणिक आहे. पण गाठ कुणाच्या हातची हे सांगता आलं, म्हणून सदरा कुणाच्या अंगावरचा हे सांगता येत नाही. फाटकातून त्या संध्याकाळी चाळीस माणसं बाहेर पडली होती, आणि भांडण तर रखवालदाराचं निम्म्या गोदामाशी होतं. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. आरोपीची मुक्तता.

त्या दुपारी ताई कोपऱ्यावरच्या दुकानात शिरली. शिंप्यानं मशीन थांबवलं.

"मी खरं तेच सांगितलं होतं, ताई," तो खाली बघत म्हणाला.

"हो. एकशे बारा पानावर आहे." तिनं पिशवीतून सदऱ्याचं कापड काढून पाटावर ठेवलं. "उद्या येतोय तो."

शिंप्यानं कापड हातात घेऊन अंदाज घेतला. "माप जुनंच धरू? वहीत आहे माझ्याकडे."

"नको," ताई म्हणाली. "चार वर्षं झाली. त्याला समोर उभा करा आणि मगच माप घ्या."