उजवीकडचा नट

चष्मेवाल्याला जपानी चित्रांचं वेड होतं. काबुकी म्हणतात त्या नाटकांतले नट, रंगवलेले चेहरे, वटारलेले डोळे, लाकडी ठशांवरून कागदावर उतरलेले. मूळची जुनी चित्रं त्याच्या आवाक्याबाहेरची. तो जमवायचा त्या बऱ्याच वर्षांपूर्वी नवे ठसे कोरून हातानेच छापलेल्या नकला. पण त्यांच्यावरही एवढा जीव, की बायको म्हणायची, "मलाही कधी इतकं निरखून बघा."

त्यातलं एक दृश्य तीन कागदांचं होतं. डावा आणि मधला कागद त्याच्याकडे. उजवा, तलवार उपसणारा नट, त्याच्या थोरल्या बहिणीकडे, ताईकडे. भावजींनी तो कुठल्याशा प्रवासातून आणला होता, आणि ते गेल्यावर ताई काही केल्या तो द्यायला तयार नव्हती. "मी गेल्यावर घे," एवढंच म्हणायची.

ताईची नजर अधू झाली होती. डोळे त्यानेच तपासले होते. तिला किती दिसतं हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्या माहितीचा या गृहस्थाने काय उपयोग करावा? "कागदाला बुरशी धरलीय, साफ करून आणतो," म्हणून चित्र नेलं, यंत्रावर त्याची हुबेहूब प्रत काढून घेतली, कागदही तसाच जाड निवडला, आणि ती प्रत तिच्या फाइलीत ठेवून दिली. ताईचं चित्र त्याच्या भिंतीवर गेलं. दृश्य पुरं झालं. जेवायला मात्र तो त्या भिंतीकडे पाठ करून बसू लागला.

महिन्याभराने ताईने बोलावून घेतलं. फाइल तिच्या मांडीवर होती.

"रागावू नकोस," ती म्हणाली. "कागदाला हात लावायचा नाही म्हणून तू बजावलं होतंस ना? मी लावायचे. दिसत नाही तर काय करू? त्याच्या बाहीवर नक्षी होती बघ, शाई न लावता नुसती दाबून उठवलेली. बोटाला लागायची ती. रोज एकदा तरी हात फिरवायचे. गेली रे ती. सपाट झालं सगळं. मीच घासून घासून घालवली."

चष्मेवाल्याने मांडीवरच्या फाइलीकडे पाहिलं. त्याने सगळा बंदोबस्त केला होता तो तिच्या डोळ्यांपुरता.

सांगून टाक, त्याचं मन म्हणत होतं. एका वाक्याचं काम होतं. त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, "जुना कागद, ताई. होतं असं."

"ह्यांची एवढी एक वस्तू, तीही मला सांभाळता आली नाही. तू घेऊन जा. तुझ्याकडे तरी नीट राहील."

त्याने फाइल घेतली. स्वतःची इतकी किळस त्याला कधी आली नव्हती, तरी घेतली.

ताई उठली. भिंत, टेबल, खुर्चीची पाठ चाचपत स्वयंपाकघरात गेली. नजर अधू झाल्यापासून सगळं घर ती असं हातांच्या जोरावरच चालवत होती. भाजी चिरायची, सुईत दोराही ओवायची. चहा गाळून झाला तशी तिने आतून हाक मारली.

"कप तूच ने रे बाहेर," ती म्हणाली. "माझ्या हातांचा आता भरवसा नाही."